इतका भात कोणासाठी

भाऊ, तुझ्या मोटरसायकलची चावी माझ्या खानावळीत, गल्ल्याच्या वरच्या खिळ्याला टांगलेली आहे. ती तिथे कोणी टांगली ते मला आठवत नाही. बहुतेक मीच. त्या सकाळी फोन आला तेव्हा माझे हात कणकेत होते. मी हात धुतले, गॅस बंद केला, आज डबे येणार नाहीत असं गिऱ्हाइकांना कळवलं, पोळ्या लाटणाऱ्या बायांना घरी पाठवलं आणि सेलूहून हिंगणीला आले. तुला ओसरीत निजवलेलं होतं. शेतातून उचलून आणताना पायांचा चिखल कोणी पुसला नव्हता, तो मी पुसला. मग लाकडं, मांडव, फोन, चहा. तुझा निखिल पुण्याहून यायचा होता, तोवर थांबायचं म्हणून बर्फ. बाया म्हणत होत्या, रडून घे बाई, मोकळी हो. मला कामं होती. आता कामं संपत आली आहेत, आणि रडू अजून आलेलं नाही. येईल तेव्हा येईल.

तुझी नोकरी, बदल्या, पदक, निवृत्ती हे सगळं इथल्या पेपरात छापून आलं. फोटो मिशीचा लावलाय, तुला न आवडणारा. मला त्यातलं काही लिहायचं नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे, आणि तुझा एक प्रश्न. तू गेल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या प्रश्नाचं उत्तर आपल्या दारात आलं. ते आधी तुला सांगायला हवं.

सुरुवात आईपासून करावी लागेल. गावात कोणाकडेही लग्न असलं की भाताच्या चुलीवर आईला बोलावत, आणि आपण दोघं तिच्या मागे. भाताचे ते पातेल्यासारखे उभे मोठे गंज, आपण लपाछपीत आत बसायचो एवढे. आई झाकण क्षणभर उचलायची, परत ठेवायची आणि विचारायची, "सांगा, किती पानं उठतीन?" मी नेहमी कमी सांगायची. तू भाताकडे बघायचासच नाही. गंज बाहेरून कुठवर काळा झालाय, वाफ कडेनं येते की मधून, खाली राख किती पडली, एवढं बघून सांगायचास, आणि तेवढीच पानं उठायची. आई म्हणायची, "हा पोट्टा काई उपाशी नाई मरत." मी त्याच शिकवणीवर खानावळ चालवते. तू ती राखीव पोलीस फोर्समध्ये घेऊन गेलास.

गडचिरोलीच्या पार टोकाला, एटापल्लीच्या पुढे तुमची कंपनी होती, तेव्हाची गोष्ट तू माझ्या खानावळीत कितीदा तरी सांगितलीस. जंगलातली माणसं अंधारात गावात येतात, जेवतात, उजाडायच्या आत निघून जातात. कोण आलं होतं ते गाव सांगत नाही. सांगितलं तर ते मारणार, नाही सांगितलं तर तुम्ही. पण चूल लपवता येत नाही, असं तू म्हणायचास. सकाळी गावात शिरलं की बाकीचे जवान कोठ्या, माळे, गोठे उपसत. तू सरळ चुलीपाशी. घरात माणसं पाच आणि गंज तीस जणांचा, म्हणजे पाहुणे येऊन गेले. साहेब खूश. कंपनीत तुझं नाव 'बावर्ची' पडलं. त्याआधीचं नाव 'आश्रमवाला' होतं, वर्ध्याचा म्हणून. "वर्धा से है, तो बंदूक छोड़, चरखा ले ले," असं म्हणत तुला. आणि सुट्टीच्या दिवशी बाटली उघडली की, "इसको मत देना रे, इसके जिले में बंदी है."

बराकीत देशभरातली माणसं. तुझा पंजाबी सोबती तुझ्या या गंज बघण्यावर हसायचा. "हमारे पिंड में हर घर में बीस रोटी फालतू बनती है, पता नहीं कौन आ जाए. तेरे हिसाब से तो सारा पिंड अंदर!" पिंड म्हणजे त्यांच्याकडे गाव. पण आमच्याकडे ते सगळं बंदुकीनंच संपलं आणि संपलं ते बरं झालं, हेही तोच ठासून सांगायचा. त्याच्या चुलतभावाला मात्र शेतातून कोणी उचलून नेलं होतं आणि तो परत आला नव्हता. त्याचं नाव निघालं की हा माणूस बुटांना पॉलिश करायला बसायचा. मणिपूरचा जो होता, त्याच्या गावात बाया मशाली घेऊन रस्त्यावर बसत. कोणावर नजर ठेवायला, असं तू विचारलंस, तर म्हणाला, "हम वर्दीवालों पर, दादा. और किस पर?" घरी जाताना तो वर्दी पेटीत घालून जायचा. आणि काश्मीरकडचा तो स्वयंपाकी, जो तुला सांगायचा, "चाय हम उनको भी पिलाते थे, आपको भी. बंदूकवाले को मना कौन करता है?" तू हे सगळं त्यांच्या आवाजात, नकला करून सांगायचास, आणि शेवटी म्हणायचास, "ज्याच्या गावचं त्याले माहीत. मले माझं काम माहीत."

खानावळीत यावरून किती वाद झाले. दाराकडे तोंड करून असलेली ती एक खुर्ची तुझी; दुसरं कोणी बसलं तर तू उभ्यानं चहा पिऊन जायचास. मुंबईकडून बदलून आलेले ते बँकेतले साहेब टीव्ही बघता बघता म्हणाले, "एकदाच काय ते साफ करून टाकायला हवं. थोडा त्रास होणारच लोकांना. स्टेशनवर आमच्या बॅगा नाही का उघडून बघत, आम्ही तक्रार करतो का?"

तू म्हणालास, "साहेब, तुमची बॅग पाहतात. तुमच्या चुलीवरचा गंज नाई पाहत कोणी."

आपले खादीवाले गुरुजी समोरच जेवत होते. त्यांना वाटलं तू त्यांच्या बाजूला आलास. ते म्हणाले, "तेच म्हणतो मी. बंदुकीनं माणूस गप्प होतो, त्याला पटत नाही."

"गुरुजी, तुमच्या दारात कोणी बंदूक लावून भात मांगतला काय? मांगन तवा पटवजा त्याले."

गुरुजींनी पोळी मागितली. मी वाढताना दोघांना सांगितलं, भांडा, पण पानात टाकू नका. तेव्हा मला वाटायचं, तुझं मत ठरलेलं आहे. बँकेतल्या साहेबांचं ठरलेलं, गुरुजींचं ठरलेलं, तसंच तुझं.

मग आई गेली.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी, सोयरे शिजवून आणतात आणि स्मशानातून आल्यावर घरच्यांनी तो कडू घास खायचा असतो. आईच्या वेळी समोरच्या घरी भात चढला. दोन माणसांनी कडा धरून गंज आपल्या अंगणात आणून ठेवला. तू हातपाय धुऊन येत होतास, तो तिथेच थांबलास. गंजाकडे बघत राहिलास. मग गोठ्याकडे निघून गेलास आणि घासाला हात लावला नाहीस. वहिनी म्हणाली, "मायचं दुःख हाये, नका मांगं लागू." आम्ही नाही मागे लागलो. तू म्हशीजवळ बसून राहिलास.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, दुपारचे जेवणारे उठून गेले होते आणि तू माझ्यासमोर लसूण सोलत बसला होतास.

"सुनंदे, एक सांगू काय?"

"सांग ना."

"आईच्या दिवशीचा तो गंज. तसाच एक होता वं."

मग तू सांगितलंस. नदीपारचं लहानसं गाव. त्या दिवशी दुभाष्या तापानं पडलेला, म्हणून तुम्ही त्याच्याशिवायच गेलात. एका घरात नवरा-बायको, म्हातारी आणि लेकरं, आणि चुलीवर हा एवढा गंज. तू झाकणसुद्धा उचललं नाहीस. बाहेरूनच साहेबांना सांगितलंस, सर, चाळीस आदमी का है. तो माणूस त्याच्या भाषेत काहीतरी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता आणि गावाच्या टोकाच्या घराकडे बोट दाखवत होता. तुमच्या लोकांना वाटलं, पाहुणे तिकडे पळाले असं सांगतोय. काही जण धावत गेले. तिकडे कोणी नव्हतं. चिडून परत आले आणि त्याला मारलं. तू मारलं नाहीस. तू गंज दाखवला होतास. मग त्याला सोबत घेऊन निघाले.

"मंग पुढं?" मी विचारलं.

"पुढं आमची बदली झाली."

"विचारलं नाई कोणाले?"

"कोणाले विचारू?"

तू बराच वेळ एकच पाकळी सोलत होतास. मग म्हणालास, "त्या टोकाच्या घरावरूनच परत निघालो आम्ही. चूल थंडी होती, सुनंदे. बाया भुईवर बसल्या होत्या. रडत नोहत्या, नुसत्या बसल्या होत्या. मी या डोळ्यानं पाह्यलं. पण तवा माह्या डोक्यात फक्त गंज होता." आणि मग तो प्रश्न. "त्याइच्यातबी असते काय वं असं? मयताच्या घरी चूल नाई पेटवत?"

मी म्हटलं, "मले काय माहीत? तिकडच्या कोणाले तरी विचार."

"आन् हो म्हटलं तर?"

लसणाची टरफलं ओंजळीत गोळा करून तू बाहेर टाकलीस आणि गाडीला किक मारून गेलास. त्या दिवसापासून मी तुला ओळखते असं म्हणू शकते. त्याआधी नुसतं बहीण होते.

आणि निखिलनं काय करावं! तुझ्या मुलानं वर्ध्याच्या दवाखान्यातली नर्स पसंत केली, सरिता. हुशार, चटपटीत, माझ्यासारखी फटकळ. गाव कुठलं, तर त्याच नदीच्या अलीकडच्या काठावरचं. भावकीत कुजबुज सुरू व्हायच्या आत तू हो म्हणून टाकलंस. आदिवासी सून म्हणून नाक मुरडायची कोणाची हिंमत झाली नाही ती तुझ्यामुळे. सगळ्यांनी तुझं कौतुक केलं. मी नाही केलं. तू घाईनं हो म्हणालास, घाबरलेला माणूस घाईनं म्हणतो तसं.

लग्न त्यांच्या गावात झालं. तू चुलींपासून लांब, मोहाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसलास. सरिताचे वडील, मंगरूभाऊ, दोनदा बोलवायला आले. तू म्हणालास, पोट बिघडलंय. दुसऱ्या वेळी ते उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "आमच्या हातचं चालत नाई काय व्याहीबुवाले?" तू हात जोडलेस. "तसं नाई जी." एवढंच. ते गेले. त्यांची पाठ मी बघितली आणि तूही बघितलीस.

येताना जीपमधून बाकीची मंडळी उतरली आणि आपण दोघं उरलो तेव्हा मी सुरू केलं.

"ते आदिवासी म्हणून तू जेवला नाई असं वाटलं त्याइले. सांग त्याइले खरं काय ते."

"काय सांगू? तुमच्या नदीपारचा माणूस माह्यापायी नेला म्हणून?"

"हो. तेच सांग."

"पोरीचा संसार मोडू काय?"

"मोडणारा असन तर न सांगताबी मोडन."

तू एकदम उसळलास. "काम झालं का नाई ते सांग पहिले. आपली जीप आज त्या रस्त्यानं गेली. आधी गेली असती काय? एसटी जाते आता तिथं. ते पोट्टी नर्स झाली ते त्याच रस्त्यानं येऊन झाली ना?"

"एसटी जाते म्हणून त्या माणसाले नेलं ते बरोबर झालं काय?"

"मी बरोबर म्हटलं काय? मी झालं म्हटलं."

हे भांडण आपण त्यानंतर कितीतरी वेळा काढलं. कधी भेंडी तोलताना, कधी चहा गाळताना, अर्ध्या वाक्यापासून सुरू करून अर्ध्या वाक्यात सोडून द्यायचो. गिऱ्हाइकांना वाटायचं शेताच्या वाटणीवरून चाललंय. मी म्हणायची, विचार. तू म्हणायचास, विचारीन. त्या "विचारीन" मध्ये तू बरा राहत होतास. माहीत नाही तोवर, नसेलही तसं, असं म्हणता येत होतं.

सरितानं एकदा तुला थेट सांगितलं होतं, आठवतं? तिला तुझा गंज माहीत नव्हता. टीव्हीवर कुठल्यातरी चकमकीची बातमी होती आणि गुरुजी आदिवासींबद्दल कळवळून बोलत होते. ती पानं उचलता उचलता म्हणाली, "गुरुजी, माझ्या काकाला जंगलातल्यांनी मारलं. कॅम्पवर कोंबड्या विकल्या म्हणून. खबऱ्या ठरवला." मग तुझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, तुमचा कॅम्प आधी आला असता तर काका वाचला असता. आणि कॅम्प आलाच नसता तरी वाचला असता." तू माझ्याकडे बघितलंस. मी पुसलेलंच टेबल पुन्हा पुसलं.

तुझं माझं शेवटचं बोलणं काय झालं सांगू? वांग्यांबद्दल. "किडकी हायेत, वरवर पाहून नको घेजो." मला काही मोठं बोलणं आठवायला हवं होतं. वांगी आहेत, तर वांगी.

आता उत्तराचं.

तू गेलास त्या संध्याकाळी मंगरूभाऊ आणि त्यांची बायको पोचली, दिवसभर बस बदलत. त्यांच्याजवळ पिशवी नव्हती. एक मोठा गंज होता, तोंडाला लुगड्याचा तुकडा बांधलेला, आत घरचा तांदूळ. मी म्हटलं, हे काय घेऊन आलात बसमधून? ते म्हणाले, "कंडक्टर भांडतच आला ताई. म्हणे, मामा, लग्नाले चालले काय इतकं मोठं भांडं घेऊन? मी म्हटलं, नाई बाप्पा, मयतीले."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुला नेलं. मी खानावळीतल्या बायांना पिठलं-भाकरीचं सांगून ठेवलं होतं, टेम्पोही सांगितला होता. मंगरूभाऊंनी हात आडवा केला. "ताई, तुमी बहीण हो. तुमालेबी सुतक. तुमच्या चुलीवरचं कसं चालन? मंग सोयरे काय कामाचे?" समोरच्या अंगणात, जिथे आईच्या वेळी भात चढला होता तिथेच, त्यांनी तीन दगड मांडले. बायको तांदूळ धूत होती. मंगरूभाऊ जाळ लावत होते, तिथे मी जाऊन उभी राहिले. तुझा प्रश्न माझ्या तोंडून गेला. मी ठरवलेलं नव्हतं.

"मंगरूभाऊ, तुमच्या गावातही असंच असतं का? मयताच्या घरी चूल नाही पेटवत?"

"असंच. ज्याच्याकडं मोठा गंज असन त्याच्याकडं पुऱ्या गावाचा भात चढते." त्यांनी लाकूड आत सारलं. "मधी बंद केलतं. मोठा गंज चढवायले भेव लागे. पोलीस विचारत, इतका भात कोणासाठी? आतले, जंगलातले, येत, तेबी विचारत, पोलिसासाठी शिजवला काय? मंग आमी लहान लहान गंजात शिजवत होतो, चार घरी. मयत एका घरची आन् धूर चार घरचा."

"आणि आता?"

"आता चढवतो. आता कोणी नाई विचारत."

म्हणजे तुझं काम झालं, भाऊ. आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. दोन्ही एकाच माणसानं, एकाच दमात, फुंकणीनं जाळ फुंकता फुंकता सांगितलं. त्यानं कोणाला दोष दिला नाही. पाऊस कधी कमी झाला, कधी जास्त झाला, तसं सांगितलं.

मला काय वाटलं? काही नाही. मी वळले आणि पत्रावळी मोजायला गेले. मोजताना हात नेहमीसारखेच चालत होते. तुझ्या बाजूनं विचार करायचा प्रयत्न केला, तो माणूस टोकाच्या घराकडे बोट दाखवत काय सांगत असेल याचाही. तिथे मेलंय कोणी, तिथे चूल नाही पेटत, म्हणून इथे. एवढंच सांगत असेल. हे वाक्य आपल्या गावात लहान मूलही बोलतं. तुला ते त्याच्या भाषेत कळलं नाही, यात तुझी चूक नाही. पण बाया भुईवर बसलेल्या तू बघितल्या होत्यास. ते तर आपल्याच भाषेत होतं.

माणसं अंघोळ करून परत आली. पंगत बसायच्या आधी मंगरूभाऊंनी पहिल्या पत्रावळीवर भात वाढला, वर पातळ वरण, आणि ती दाराबाहेर, तुझ्या चपलांच्या शेजारी नेऊन ठेवली. सगळे बघत होते. ते कंबर धरून सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "लग्नात जेवले नाई व्याही. आता नाई म्हणता येत नाई त्याइले."

वहिनी हसली. खरंच हसली, तोंडाला पदर लावून, आणि मग बाकीचेही हसले. निखिल हसता हसता रडायला लागला. मी गंजाचं झाकण उचललं, क्षणभर, आणि परत ठेवलं. मनात पानं मोजली, तेवढीच माणसं अंगणात होती. एक पान जास्त, ते बाहेर वाढून झालं होतं.

मी जेवले. भात चांगला मोकळा झाला होता.

दोन दिवसांनी मी सरिताला सगळं सांगितलं. तू असतास तर मला दाराबाहेर काढलं असतंस. पण तू नाहीस आणि ही गोष्ट एकटीनं सांभाळत बसायला मला वेळ नाही. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग उठून आत गेली. रात्रभर ती माझ्याशी बोलली नाही, निखिलशीही नाही. सकाळी चहाचा कप माझ्यासमोर जरा जोरातच ठेवला आणि म्हणाली, "आत्या, बाबांना इतकी वर्षं एवढं विचारता नाही आलं? मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं मी." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "त्या गावात माझी मावशी दिली आहे. कोण परत आलं, कोण नाही आलं, तिला सगळं माहीत असतं." मग तेरवीला किती माणसं धरायची, त्यावर आम्ही बोलत बसलो. संसार मोडला की नाही ते मला सांगता येत नाही. चहा तिनं केला होता, एवढं खरं. साखर कमी होती.

मंगरूभाऊंचा गंज माझ्याकडेच आहे. जाताना ते म्हणाले, तेरवीले येतो, तवा नेतो. मी म्हटलं, राहू द्या, मीच आणून देते. भांडं रिकामं परत करत नाहीत आपल्यात. तेरवी झाली की त्यात आपल्या शेताचा नाही, आपल्याकडे धान होत नाही, बाजारातला चांगला तांदूळ भरणार आहे आणि सरिताला घेऊन बसनं जाणार आहे. आधी मंगरूभाऊंच्या घरी. त्यांना सांगायचं, तू का जेवला नाहीस ते. ते काय म्हणतील ते ऐकून घ्यायचं, हाकलून दिलं तरी ऐकून घ्यायचं. मग नदीपार.

बसमध्ये कंडक्टर विचारणारच, इतका तांदूळ कोणासाठी? टोकाच्या घराच्या अलीकडच्या एका माणसासाठी, म्हणून सांगेन. तो माणूस घरी असला तर गंज त्याच्यापुढे ठेवीन आणि तुझं नाव सांगेन. घरी नसला, तर कोणाच्या दारात उतरवायचा, ते सरिताची मावशी सांगेल.